आसवारिष्टे : भांडे महत्त्वाचे की संधान?

आसवारिष्टांसाठी लाकडी पिंप उत्तम की स्टीलची टाकी, हा वाद वैद्यवर्गात अधूनमधून निघतो. या संदर्भात इंग्लंडमधील एक उदाहरण विचारार्ह आहे. पिंपातच मुरणारी बिअर मागे पडून गाळलेली व वायू भरलेली बिअर सर्वत्र आली, तेव्हा तेथील ग्राहक संघटित झाले. १९६३ साली लाकडी पिंपांच्या रक्षणासाठी एक संस्था निघाली. १९७१ साली ‘कॅम्पेन फॉर रिअल एल’ ही चळवळ सुरू झाली. तिने मात्र लाकडाचा हट्ट धरला नाही. पिंप धातूचे असले तरी चालेल, आतील किण्वन जिवंत हवे, ही तिची कसोटी. मद्याचा पुरस्कार आम्हांस अभिप्रेत नाही. विवेक तेवढा घ्यावयाचा आहे.

चरकाचार्यांनी आसवांच्या नऊ योनी व ८४ प्रकार सांगितले. ग्रंथोक्त संधानपात्र म्हणजे घृतलिप्त, धूपित मृद्भांड. मोठे लाकडी पिंप ही नंतरची सोय होय. तेव्हा लाकूड म्हणजेच शास्त्र, असे म्हणता येत नाही. लाकडाच्या छिद्रांत मागील घाण्याचा आंबूसपणा राहतो, हेही विसरू नये. स्टील स्वच्छ करणे सोपे. परंतु नायगावसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे जातो, तेव्हा पातळ पत्र्याची टाकी लवकर तापते. भांडे धान्यराशीत किंवा भूमीत ठेवण्याचा हेतू तापमान स्थिर राखणे हाच होता. तो साधणारी व्यवस्था असेल, तर स्टीलला आमचा विरोध नाही. खाद्यपदार्थांसाठी न बनविलेल्या प्लास्टिकच्या पिंपांना मात्र निश्चित विरोध आहे.

खरा प्रश्न संधानाचा आहे. धायटीच्या फुलांसोबत येणारे किण्व, संधिबंधन, पुरेसा काळ आणि सिद्धिलक्षणांची परीक्षा यांना पर्याय नाही. आतील आवाज थांबला का, प्रक्षेपद्रव्ये तळाशी बसली का, जळती काडी आत धरल्यास विझत नाही ना, हे पाहिलेच पाहिजे. संधान अपुरे राहिले तर उरतो गोड काढा; बिघडले तर होते शुक्त. दोन्ही बाटल्यांवर नाव दशमूलारिष्टच असते, आणि सूतिकेला गुण आला नाही की दोष आयुर्वेदाला लागतो.

बाटलीवर स्वयंजनित मद्यार्काचे प्रमाण असते. पात्र कोणते, संधान किती दिवसांचे, हे सहसा नसते. रुग्ण हे विचारू शकत नाही. चिठ्ठी आपण लिहितो, म्हणून खरे ग्राहक आपणच. प्रत्येक वैद्याने उत्पादकास हे दोन प्रश्न लेखी विचारावेत, आणि उत्तर न देणाऱ्याचे औषध लिहू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.