गाडी उभ्या जागी थरथरते?

मैत्रिणींनो, मिक्सर घरघरला की भांडं नीट बसलेलं नाही, हे आपण नुसत्या आवाजावरून ओळखतो. मग गाडीच्या बाबतीतच ‘त्यातलं आपल्याला काय कळतंय!’ म्हणून गप्प का बसायचं? मुलांना क्लासला सोडायला, सासूबाईंना डॉक्टरांकडे न्यायला आजकाल आपणच गाडी चालवतो. सिग्नलला उभी असताना ती थरथरू लागली, मध्येच बंद पडली, तर ते आधी आपल्याच लक्षात येते.

असे का होते? गॅसची शेगडी आठवा. मोठ्या ज्योतीला खिडकीतली झुळूक काही करत नाही. पण आच अगदी मंद ठेवली की तीच झुळूक ज्योत विझवते. पेट्रोलच्या इंजिनाचेही तसेच. गाडी उभी असताना ते मिनिटाला साधारण ७०० ते ९०० फेरे घेते आणि हवा-पेट्रोल अगदी थोडे लागते. अशा वेळी एखाद्या नळीतून जास्तीची हवा शिरली किंवा थ्रॉटलला काजळी धरली, की लगेच प्रमाण बिघडते. वेग घेतल्यावर तेवढी हवा जाणवतही नाही.

म्हणून गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी या गोष्टी पाहून ठेवाव्यात :

१) उभी असताना थरथरते, रस्त्यावर मात्र छान चालते : संशय थ्रॉटलवर किंवा तडकलेल्या रबरी नळीवर. एसी लावल्यावर थरथर वाढत असेल, तर थ्रॉटल आधी तपासून साफ करून घ्यावा.

२) उभी असताना ठीक, पण चढावर धाप लागते : पेट्रोल पुरेसे पोचत नसावे. फिल्टर तुंबला असेल किंवा टाकीतला पंप थकला असेल. बऱ्याच गाड्यांत इंजिन चालू करण्याआधी नुसती किल्ली फिरवली की मागच्या बाजूने एक-दोन सेकंद बारीक गुणगुण येते. तो पंपाचा आवाज. तो ओळखीचा करून घ्या.

३) सगळ्याच वेगांत गचके बसतात : एखादा सिलिंडर नीट काम करत नसावा. प्लग, कॉइल, इंजेक्टर या क्रमाने पाहायला सांगावे.

४) पेट्रोल भरल्यानंतर लगेच सुरू झाले : पेट्रोलमध्ये पाणी किंवा भेसळ असू शकते. पावती जपून ठेवा. पंपावर फिल्टर पेपर मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. स्वच्छ पेट्रोलचा थेंब डाग न ठेवता उडून जातो.

ही निरीक्षणे तारखेसह डायरीत लिहा आणि मेकॅनिकला तीच सांगा. ‘प्लग बदला’ असा उपाय मात्र आपण सुचवू नये. आमच्या शेजारच्या वहिनींनी आधी प्लग बदलले, पुढच्या महिन्यात इंजेक्टर साफ करून घेतले. शेवटी निघाली काय, तर बोटाएवढ्या रबरी नळीला चीर! स्कॅनर लावला असेल तर त्यात काय दिसले ते विचारावे, आणि बदललेला जुना भाग दाखवायला सांगावा. यात संकोच कसला? जुन्या, कार्ब्युरेटरच्या गाडीत नुसता स्क्रू पिळून फेरे वाढवून देतात. ती तापावरची गोळी झाली, आजार तसाच राहतो.

दोन गोष्टींत मात्र मुळीच चालढकल नको. इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर असेल तर लवकर दाखवा. पण तो लुकलुकत असेल, तर गाडी सावकाश बाजूला घ्या. न जळलेले पेट्रोल धुराच्या नळीतला महागडा कन्व्हर्टर जाळून टाकते. आणि पेट्रोलचा उग्र वास आला, तर गाडी चालू करूच नका. चालू असेल तर बंद करा, मुलांना उतरवून लांब उभे करा आणि मेकॅनिकला तिथेच बोलवा.

एरवी काळजी सोपी आहे. टाकी नेहमी पाव भाग तरी भरलेली असावी, कारण आतला पंप पेट्रोलमुळेच थंड राहतो. एअर फिल्टर वेळेवर बदलावा. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते ओलावा शोषते. म्हणून सुट्टीत गावी जाताना गाडी महिना-दीड महिना तशीच उभी ठेवू नये. घरच्या कुणाला तरी आठवड्यातून एकदा चक्कर मारून आणायला सांगावे.