दिसले, पुढे काय?

रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूण तालुक्यातले तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटले आणि वीसहून अधिक माणसे वाहून गेली. धरणाला गळती असल्याची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. तरीही तत्कालीन जलसंधारणमंत्र्यांनी खापर फोडले ते खेकड्यांवर! धरणे आणि कालव्यांवर कॅमेरे व संवेदकांचे जाळे उभारायचे असेल, तर विचाराची सुरुवात तिवऱ्यापासून व्हायला हवी.

या जाळ्याचा उपयोग वादातीत आहे. मातीच्या धरणातून थोडा पाझर असतोच. पण ते पाणी गढूळ येऊ लागले, की भरावाची माती वाहू लागल्याचा तो इशारा असतो. औष्णिक कॅमेरा उतारावरचा ओला पट्टा तापमानाच्या फरकाने अंधारातही टिपू शकतो. साधा कॅमेरा पाणीपातळीची पट्टी वाचतो, सांडव्यात अडकलेले ओंडके दाखवतो. भिंतीच्या पोटातले मात्र त्याला दिसत नाही. त्यासाठी पाण्याचा दाब मोजणारे पिझोमीटर लागतात. पण यंत्रांनाही मर्यादा आहेत. तुंगभद्रा धरणाच्या १९ व्या दरवाजाची साखळी १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री तुटली. साखळीची झीज चित्रात उमटेलच असे नाही. तिथे अभियंत्याने स्वतः जाऊन तपासणी करण्याला पर्याय नाही.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्याआधी व नंतर पाहणी, मोजमापाची उपकरणे आणि आपत्कालीन कृती आराखडा बंधनकारक केला. पण तो १५ मीटरहून उंच धरणांना आणि १० ते १५ मीटरमधील काहींनाच लागू आहे. गावोगावचे लहान तलाव त्याच्या कक्षेबाहेर राहतात. कायम चौकीदार नसलेल्या अशा तलावांवर कॅमेरे आधी बसायला हवेत. मोठ्या धरणांच्या नियंत्रण कक्षांतील पडदे वाढवणे नंतरचे.

तिवऱ्यात गळती दिसली होती. तिची दखल वेळेत घेण्याची जबाबदारी कोणी निभावली नाही. म्हणून यंत्रणेच्या खरेदीबरोबरच तीन गोष्टी शासनाने लेखी ठरवाव्यात : इशारा कोणत्या अधिकाऱ्याकडे जाणार, किती तासांत तो अधिकारी धरणावर पोहोचणार आणि खालच्या गावांना धोका कसा कळवणार. चित्रे व नोंदी ग्रामपंचायतीलाही खुल्या असाव्यात. इशारा मिळूनही हात बांधून बसणाऱ्यावर कारवाई होणार नसेल, तर कॅमेऱ्यांवरचा खर्च पाण्यात गेला म्हणायचा.