बैलाला सोमवार, गड्याला कोणता वार?

वाचकहो, कोणताही धर्म चांगला की वाईट हे त्याच्या पोथीवरून ठरवू नये. त्या धर्माच्या माणसाकडे राबणाऱ्या गड्याची संध्याकाळ कशी जाते, त्यावरून ते ठरवावे असे आमचे मत आहे. सत्यशोधकांनी ही कसोटी आपल्या घरच्या भटशाहीला लावली. तीच दुसऱ्यांच्या धर्मालाही लावून पाहावी, म्हणजे घेण्यासारखे काय व टाकण्यासारखे काय ते कळेल. आज यहुदी धर्माचा विचार करू.

हे लोक आपल्याला अगदीच परके नाहीत. अलिबाग, पेण, रेवदंडा या बाजूला बेने इस्राएल नावाचे यहुदी पिढ्यान्‌पिढ्या घाणा चालवून तेल गाळीत. ते मराठी बोलत, आणि पेणकर, रोहेकर, किहीमकर अशी गावावरून पडलेली आडनावे लावीत. शनिवारी त्यांचा घाणा बंद असे, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. सोमवारी घाणा बंद ठेवणारे ते सोमवार तेली. १९४८ नंतर त्यांतील बहुतेक लोक इस्राएल देशात गेले. पण त्यांचा तो शनिवार काय होता, हे घाम गाळणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावे.

यहुद्यांच्या धर्मशास्त्रात आठवड्याचा सातवा दिवस विसाव्याचा सांगितला आहे. हा विसावा एकट्या घरधन्यासाठी नाही. गडी, मोलकरीण, बैल, गाढव आणि वेशीच्या आत राहणारा परका माणूस, या सर्वांना तो द्यावा अशी आज्ञा आहे. तिचे कारणही दिले आहे. तुम्ही स्वतः मिसर देशात गुलाम होता, हे ध्यानात ठेवा, असे ते कारण. ज्याने जू वाहिले त्याने दुसऱ्याच्या मानेवर ते अष्टौप्रहर ठेवू नये, हा त्याचा मथितार्थ होय.

मजुरीविषयीही तसेच. रोजंदारीच्या गरीब माणसाचा रोज सूर्य मावळण्यापूर्वी त्याच्या हाती पडला पाहिजे, असा दंडक आहे. पीक कापताना शेताचा कोपरा राखावा, विसरलेली पेंढी आणायला मागे फिरू नये, आणि सरवा गरिबांना, विधवांना, पोरक्यांना वेचू द्यावा. आपल्याकडे सरवा वेचू देणारा शेतकरी दयाळू म्हणवतो. तेथे तो वेचणाऱ्याचा हक्क मानला आहे. गरिबाला द्यावयाच्या देण्यास त्यांच्या भाषेत ‘त्सेदाका’ म्हणतात, आणि हा शब्द न्याय या अर्थाच्या शब्दापासून निघाला आहे. म्हणजे देणारा उपकार करीत नाही, तो देणे फेडतो.

तालमूद या त्यांच्या ग्रंथात एक कथा आहे. एका मालकाच्या हमालांकडून दारूचे पिंप फुटले. त्याने नुकसानीपोटी त्यांची वस्त्रे काढून घेतली. हमाल राव नावाच्या पंडिताकडे गेले. रावने वस्त्रे परत द्यायला सांगितली. मालकाने विचारले, हा कायदा आहे काय? राव म्हणाला, होय. मग हमाल म्हणाले की, आम्ही दिवसभर राबलो, भुकेले आहोत, जवळ काही नाही. रावने आज्ञा केली की, यांची मजुरीही दे. मालकाने पुन्हा तोच प्रश्न केला, आणि पुन्हा तेच उत्तर मिळाले. मालक स्वतः विद्वान होता, तरी हमालांच्या बाजूने निकाल झाला, हे लक्षात घ्यावे.

येथपर्यंत ऐकून कोणी म्हणेल, ज्यांच्याकडे असे शास्त्र, त्यांच्यात जुलूम नसेलच. तर तसे नाही. अमेरिकेत न्यूयॉर्क शहरी ट्रँगल नावाचा झंपर शिवण्याचा कारखाना होता. मालक ब्लँक व हॅरिस हे यहुदी होते, आणि शिवणाऱ्या पोरींतही पुष्कळ यहुदी होत्या, बाकीच्या बहुतेक इटालियन. २२ नोव्हेंबर १९०९ रोजी क्लारा लेमलिच नावाच्या तरुण शिवणकरणीने भर सभेत उठून, भाषणे पुरे, संप करा, असे आपल्या यिडिश बोलीत सांगितले. सभेने उजवे हात वर करून शपथ घेतली. सुमारे २०,००० कामगार, बहुतेक स्त्रिया, रस्त्यावर आल्या. पुष्कळ मालकांनी करार केले. ट्रँगलने मात्र संघाला मान्यता दिली नाही.

पुढे २५ मार्च १९११ रोजी त्या कारखान्याला आग लागली. एका जिन्याचे दार कुलूपबंद होते. चोरी होऊ नये म्हणून कामगारांना एकाच वाटेने झडती देऊन बाहेर सोडीत. १४६ माणसे मेली, त्यांत १२३ स्त्रिया. तो वार शनिवार होता. ज्या दिवशी कोकणातल्या गरीब तेल्याचा बैलसुद्धा मोकळा असे, त्या दिवशी त्याच धर्माच्या मालकांच्या कारखान्यात त्याच धर्माच्या पोरी जळाल्या. मालक खटल्यातून सुटले, आणि १९१४ साली दिवाणी दाव्यात एकेका जिवामागे ७५ डॉलर देऊन मोकळे झाले. बिनकुलपाची दारे व आगीपासून बचाव यांचे कायदे झाले, ते मालकांना शास्त्र आठवले म्हणून नव्हे. संघ, मोर्चे आणि चौकशी यांच्या रेट्याने झाले.

आणि खुद्द आपले शनवार तेली? त्यांच्यातही गोरे व काळे असा भेद होता, आणि गोरे काळ्यांशी सोयरीक करीत नसत. मग तेच इस्राएलात गेले, तेव्हा १९६२ साली तेथील धर्मगुरूंनी त्यांच्या लग्नांपूर्वी कुळाची चौकशी करण्याचा हुकूम काढला. बेने इस्राएलांनी धरणे धरले, आणि १९६४ साली सरकारला ते सर्व बाबतींत बरोबरीचे यहुदी आहेत असे जाहीर करावे लागले. परक्यालाही विसावा द्या असे सांगणारे शास्त्र ज्यांच्या हाती, तेच आपल्या भावाचे कूळ तपासू लागले! भिक्षुकशाही एकाच देशाची नसते, वाचकहो.

तेव्हा घ्यावयाचे ते हे: विसावा आणि मजुरी हा हक्क आहे, आणि हक्क संघटनेवाचून पदरात पडत नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांचा संघ काढला, तेव्हा कुठे १० जून १८९० पासून मुंबईच्या गिरण्यांत रविवारची सुट्टी मिळाली. ती कामगारांनी लढून मिळविली.

परंतु बोट दुसऱ्याकडे दाखविताना आपल्या दारातही पाहावे. ऊसतोडीचा कोयता उचल घेऊन फडावर जातो, आणि बाई आजारी पडून एक दिवस कामाला गेली नाही तर मुकादम खाड्याचे पैसे कापतो. ज्याच्या फडात हे चालते तो ऊसवाला आपल्यातलाच असतो. पुष्कळ गावांत सोमवारी बैल जुंपीत नाहीत. ही चाल चांगली. पण त्याच सोमवारी सालगडी शेण काढतो, बांध घालतो, रात्री पाणी धरतो. बैलाला सोमवार आहे, गड्याला कोणता वार आहे?

येत्या पाडव्याला सालगडी ठेवाल तेव्हा साल किती आणि धान्य किती हे ठरवालच. त्याबरोबर आठवड्याचा एक वार त्याचा म्हणून चार माणसांसमक्ष ठरवा, आणि आजारपणाचा खाडा कापू नका. रोजाने येणाऱ्या बाईचा रोज दिवा लागण्यापूर्वी तिच्या हातावर ठेवा. आणि गडीमाणसांनो, तुम्हीही एकेकट्याने मागू नका. गावातले सर्व गडी मिळून मागा.