जुना संगणक उकिरड्यावर नको

उकिरड्यात सर्व काही कुजते, या समजुतीने निकामी संगणकाचे सुटे भागही कित्येकदा तेथेच टाकले जातात. शिसे मात्र कुजत नाही. जुन्या फुगीर पडद्याच्या काचेत ते किलोभर तरी असते. फुटक्या काचेसह खतातून शेतात गेले की पिढ्यान्‌पिढ्या मातीतच राहते. तांब्याच्या लोभाने बांधावर तारा जाळणे तर त्याहून घातक होय.

१ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनी ई-कचऱ्याच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. परंतु एका यंत्रासाठी शहर कोण गाठणार? गावच्या सोसायटीनेच वर्षातून एकदा सर्वांची यंत्रे गोळा करून नोंदणीकृत केंद्राकडे धाडावीत. हार्ड डिस्क तेवढी मालकाने आधी काढून ठेवावी. सातबारा व बँकेचे कागद तीतच असतात.