दुसरे भिंग कोणते?

कॅमेऱ्याचा छंद जडला, की दूरचे जवळ ओढणाऱ्या भिंगाचा मोह पडतो. आम्हां काचीगुडावासीयांना तर स्थानकाचे घुमट खुणावतात. परंतु १९१६ सालची ती वास्तू कॅमेऱ्यासोबतच्या १८-५५ मिलिमीटर भिंगातही मावते, आणि उद्याही टिपता येईल. दुसरे भिंग घरासाठी घ्यावे, असे आम्ही सुचवितो. ५० मिलिमीटरचे स्वस्त खरे. पण लहान खोलीत मागे सरकता सरकता पाठ भिंतीला लागते. ३५ मिलिमीटरचे, एफ १.८ पर्यंत उघडणारे बरे. एफ ५.६ पेक्षा ते सुमारे दहापट प्रकाश घेते. मूळ भिंग आठवडाभर ३५ वर ठेवून खात्री करावी. समईच्या उजेडातील आजीचा चेहरा फ्लॅशविना टिपावा. तो उद्यावर टाकू नये.