अळणी एकटीनेच का जेवायचं?



उन्हाळा लागला की आमच्या टपालात पापड-कुरडयांच्या प्रमाणांची विचारणा करणारी पत्रं वाढतात. यंदाही आली आहेत, त्यांची उत्तरं पुढच्या अंकापासून देऊच. पण त्या गठ्ठ्यात एक पत्र वेगळं निघालं. आजची जागा त्या पत्राला.

लिहिणाऱ्या भगिनीचं वय ४७. घरात पाच माणसं : त्या, यजमान, सासूबाई आणि कॉलेजात जाणारी दोन मुलं. गुडघा दुखतो म्हणून डॉक्टरांकडे गेल्या, तिथे सहज रक्तदाब मोजला तर १५६/९८ निघाला. पुढे दोनदा मोजला, तरी तेच. गोळी सुरू झाली, आणि ‘मीठ निम्म्यावर आणा’ असं डॉक्टरांनी बजावलं. या गोष्टीला दोन महिने झाले. गोळी नियमित चालू आहे, मीठ मात्र होतं तेवढंच आहे! स्वतःपुरती भाजी त्या मीठ घालण्याआधी वेगळी काढून ठेवतात, ती घशाखाली उतरत नाही, मग ताटात लोणच्याची फोड येते, पापड येतो. सगळ्यांच्याच भाजीत मीठ कमी केलं तर पहिल्या घासालाच सासूबाई विचारतात, ‘मीठ विसरलीस का गं?’ आणि मुलं उठून मिठाचा डबा घेऊन येतात.

पत्राच्या शेवटी त्या लिहितात, माझ्या एकटीच्या दुखण्यापायी सगळ्यांच्या तोंडची चव कशाला घालवू?

ताई, तुमचं हे वाक्य मी दोनदा वाचलं. आता मी तुम्हाला एक विचारते. हेच दुखणं तुमच्या यजमानांना निघालं असतं तर? दुसऱ्याच दिवशी घरातलं लोणचं वरच्या फळीवर गेलं असतं. मुलांना दटावलं असतं, ‘बाबांच्या पुढ्यात पापड खाऊ नका.’ भाजी सगळ्यांचीच कमी मिठाची झाली असती, आणि सासूबाईंनी चकार शब्द न काढता ती खाल्ली असती. घरातल्या पुरुषाचं पथ्य ते सगळ्या घराचं पथ्य, आणि स्वयंपाक करणारीचं पथ्य मात्र तिने कोपऱ्यात बसून एकटीने पाळायचं, ही आपल्याकडची जुनीच रीत. मला ती मुळीच पटत नाही. शिवाय तिचा उपयोगही होत नाही, हे तुमच्या दोन महिन्यांनीच दाखवून दिलंय.

रक्तदाबाची गंमत अशी, की तो बहुधा काही जाणवूच देत नाही. डोकं दुखत नाही, गरगरत नाही, कामं तर सगळी होतात, मग कसलं आलंय दुखणं, असं वाटत राहतं. आणि आत हृदयावर, मूत्रपिंडावर, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांवर ताण पडतच असतो. पक्षाघाताचं सर्वांत मोठं कारण वाढलेला रक्तदाबच आहे. पाळी जाण्याच्या सुमारास आणि त्यानंतर बायकांमध्ये तो वाढण्याचं प्रमाण जास्त असतं. तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या प्रत्येकीने, काही होत नसलं तरी, तो मोजून घ्यावा. पुन्हापुन्हा मोजून १४०/९० किंवा त्याच्या वर येत असेल तर मग चालढकल नको.

आता मिठाचा हिशेब मांडू. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे. म्हणजे सपाट भरलेला एक चहाचा चमचा, आणि तोही दिवसभराच्या सगळ्या खाण्यात मिळून. तुमच्या घरी पाच माणसं, म्हणजे दिवसाला २५ ग्रॅम. किलोची एक पिशवी तुम्हाला निदान ४० दिवस पुरायला हवी. तुम्हीच लिहिलंय की महिन्याला दीड पिशवी लागते. भागून पाहा बरं : माणशी रोज १० ग्रॅम! बरोबर दुप्पट. आणि यात लोणच्यातलं, विकतच्या फरसाणातलं, पावातलं मीठ अजून धरलेलंच नाही. पण ओशाळू नका. त्याच संघटनेच्या २०२३ सालच्या अहवालात सगळ्या जगाची सरासरी १०.८ ग्रॅम दिली आहे. सगळे त्याच पंगतीत बसलेत.

बाकीच्या मैत्रिणींनीही हा प्रयोग जरूर करावा. पिशवी फोडाल त्या दिवशी तिच्यावर तारीख घाला, संपेल त्या दिवशी कॅलेंडरवर खूण करा. कुणाला वजनकाट्याची गरज नाही.

कमी करायचं ते कसं? एकदम निम्मं केलंत की घरात बंड होणार, हे ठरलेलंच. जीभ ही सवयीची गुलाम असते, पण नव्या सवयीलाही ती सरावते. कुणाला काही आठवडे लागतात, कुणाला दोन-तीन महिने. म्हणून सावकाश घ्या, आणि मुख्य म्हणजे घरात जाहीर करू नका. ‘आजपासून मीठ कमी’ म्हटलं की चांगली भाजीसुद्धा अळणी लागते!

सुरुवात भात आणि कणकेपासून करा. भाताबरोबर आमटी असते, पोळीबरोबर भाजी असते, तेव्हा त्यांतलं मीठ गेलेलं दोन दिवसांनी कुणाच्या लक्षातही राहत नाही. मग मिठाच्या डब्यातला चमचा बदला. हाताने, अंदाजाने मीठ टाकणाऱ्या आपण सगळ्या जणी. पण अंदाज हळूहळू वाढत जातो आणि आपल्याला कळत नाही. एक छोटा चमचा कायमचा डब्यात ठेवा आणि सपाट भरूनच घाला. आमटीला दोन चमचे लागत असतील तर पंधरा दिवस पावणेदोन, मग दीड. निम्मं मीठ शिजताना आणि निम्मं उतरवताना घातलं तर वरचं मीठ जिभेला चटकन लागतं, थोडक्यात भागतं. मिठाची उणीव आंबट आणि खमंग भरून काढतात. लिंबू, आमसूल, चिंच, भाजलेल्या जिऱ्याची पूड, लसणीची फोडणी, भरपूर कोथिंबीर. ताकाला तर जिऱ्याची पूड आणि आलं लावलं की मीठ नसलं तरी चालतं.

ताटात सगळ्यांत आधी मीठ वाढायची आपली पद्धत आहे. सणावारी, नैवेद्याच्या पानाला ती राहू द्या. रोजच्या जेवणात मात्र मिठाचा डबा ओट्यावरून टेबलावर येता कामा नये. ज्याला हवं त्याने उठून घ्यावं. उठायच्या कंटाळ्याने निम्मं काम होतं, खोटं नाही.

आता तोंडीलावणं. इथे खरी कसोटी आहे, कारण मराठी माणसाची जीभ भाजीपेक्षा लोणच्यातच अडकलेली. काही जणी हौसेने वर्षाच्या लोणच्यातच मीठ कमी करतात. तसं मात्र करू नका! लोणचं टिकतं ते मिठावरच. मीठ कमी पडलं की बुरशी आली म्हणून समजा, आणि कैऱ्या, तेल, मसाला सगळं वाया. त्यापेक्षा यंदा बरणी लहान घाला. रोजच्याला कैरीचा तक्कू, काकडीची कोशिंबीर, चार दिवसांपुरतं ताजं लोणचं करा. ते टिकवायचं नसतं, तेव्हा मीठही नावाला चालतं. बरणीतलं लोणचं रविवारी वाढा. चैनीची वस्तू चैनीसारखी खाल्ली की गोडही जास्त लागते.

पापडाचं तर दुहेरी आहे. त्यात मीठ असतंच, वर पापडखार. रक्तदाबाला बाधतं ते मिठातलं सोडियम, आणि ते पापडखारातही आहे, खाण्याच्या सोड्यातही आहे. म्हणजे खारट न लागणारा ढोकळाही आपला हिशेब वाढवतोच. पित्त झालं की पाण्यात टाकून प्यायच्या फसफसत्या पावडरी मिळतात, त्यांतही बहुधा सोडाच असतो. जेवण झाल्यावर रोज ती घेण्याची सवय असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा.

सैंधवाबद्दल बऱ्याच जणी विचारतात. उपवासाला चालतं म्हणून ते औषधी, रक्तदाबालाही चालेल, असा समज आहे. सैंधव काय, पादेलोण काय, गुलाबी मीठ काय, सगळ्यांत मुख्य भाग तोच सोडियम क्लोराइडचा. रक्तदाबापुरतं पाहिलं तर साध्या मिठाहून ते वेगळं नाही. उलट साध्या मिठात आयोडीन घातलेलं असतं, सैंधवात ते बहुधा नसतं.

हल्ली दुकानात कमी सोडियमचं मीठ मिळतं, ते मात्र खरोखर वेगळं असतं. त्यात थोडं सोडियम काढून त्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. चीनमधल्या ६०० खेड्यांत, सुमारे २१ हजार लोकांवर, जवळजवळ पाच वर्षं असं मीठ देऊन पाहिलं. पक्षाघाताचं प्रमाण १४ टक्क्यांनी कमी आढळलं, हे २०२१ साली प्रसिद्ध झालं. पण ते सरसकट आणू नका. मूत्रपिंडाचा विकार असेल, किंवा रक्तदाबाच्या काही विशिष्ट गोळ्या चालू असतील, तर शरीरात पोटॅशियम साठून जिवावर बेतू शकतं. गरोदर बाईने आणि लहान मुलांनीही ते घेऊ नये. तुमच्या घरात सासूबाईही आहेत, तेव्हा आधी डॉक्टरांना विचारून मगच पिशवी आणायची.

आणि सासूबाईंचा विषय निघालाच आहे तर, ताई, पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना त्यांनाही बरोबर न्या. ‘चला आई, तुमचाही मोजून घेऊ,’ एवढंच म्हणा. त्या वयात रक्तदाब वाढलेला निघणं अगदी सर्रास असतं. निघाला तर वेळेवर कळला, आणि नाही निघाला तरी मिठाचं डॉक्टरांनी त्यांच्यासमोर सांगितलेलं बरं. तुमच्या तोंडून शंभर वेळा गेलेलं जे काम करणार नाही, ते डॉक्टरांचं एक वाक्य करतं. सुनांना हे मी वेगळं सांगायला नको!

यजमानांच्या बाबतीत मला कस्तुरबांची गोष्ट आठवते. गांधीजींनी आत्मकथेत ती स्वतःच लिहिली आहे. दक्षिण आफ्रिकेत असताना कस्तुरबांची प्रकृती ढासळली, काही केल्या दुखणं हटेना. गांधीजींनी त्यांना मीठ आणि डाळ सोडायला विनवलं. बा वैतागून म्हणाल्या की तुम्हाला कुणी सांगितलं असतं तर तुम्हाला तरी सुटलं असतं का? झालं! गांधीजींनी तिथल्या तिथे वर्षभर दोन्ही सोडल्याचं जाहीर केलं. बा रडल्या, माफी मागितली, शपथ मागे घ्या म्हणाल्या, पण ते कसले ऐकतात. आणि त्यानंतर बांची प्रकृती सुधारत गेली. डाळ सोडायची गरज आपल्याला नाही बरं का, ती खायलाच हवी. पण बांनी विचारलेला प्रश्न मात्र प्रत्येक घरी विचारण्यासारखा आहे. यजमानांकडून वर्षाचं व्रत कुणी मागत नाही. संध्याकाळी येताना फरसाणाचा पुडा आणायचा नाही आणि टेबलावर ‘मीठ कमी आहे’ म्हणायचं नाही, एवढं त्यांनी दोन महिने पाळलं तरी पुष्कळ झालं. त्यांना स्पष्ट सांगा, आडून आडून नको. १५६/९८ लिहिलेला तो कागद दाखवा. बऱ्याच घरी हा कागद बायकोच्या पर्समध्येच राहतो.

एक गोष्ट विसरू नका. मीठ कमी केल्यावर आकडा खाली आला तरी गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही, उपवासाच्या दिवशीही नाही. कमी करायची की नाही ते डॉक्टर ठरवतील. आणि आठवडाभराचे आकडे एका वहीत लिहून नेलेत तर त्यांनाही सोपं जाईल.

लोणच्याच्या जागी रोज पानात काहीतरी चटपटीत लागणारच, म्हणून ही कारळ्याची चटणी देते. एक वाटी कारळे मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजावेत. थोड्याशा तेलावर ५-६ सुक्या लाल मिरच्या, ८-१० लसणीच्या पाकळ्या आणि सुपारीएवढी चिंच वेगळी परतून घ्यावी. गार झालं की सगळं एकत्र करून, पाव चमचा मीठ घालून जाडसर कुटावं. मिक्सरमधून काढणार असाल तर थांबून थांबून फिरवा, नाहीतर तेल सुटून गोळा होतो. काचेच्या कोरड्या बरणीत ही आठवडाभर छान राहते, आणि गरम भाकरीवर थोडं कच्चं तेल घालून घेतली तर मुलंही मागून खातात.