आरोग्यधन : वारशातील अदृश्य नोंद

शिरूर-दौंड परिसरातील व्यापारी घराण्यांत आजोबांनी पेढी कधी आणि कशी उभारली, हे नातवाला तोंडपाठ असते. मात्र आजोबा कोणत्या वयात व कोणत्या विकाराने गेले, हे त्याला क्वचितच ठाऊक असते. “अचानक छातीत दुखले,” एवढ्यावर विषय संपतो. वस्तुतः हीच माहिती पुढील पिढीचे प्राण वाचवू शकते.

‘कौटुंबिक अतिकोलेस्टेरॉल’ हा विकार याचे ठळक उदाहरण होय. यात यकृताकडून रक्तातील एलडीएल कोलेस्टेरॉल पुरेसे शोषले जात नाही आणि ते जन्मापासून साचत राहते. जगात सुमारे २५० ते ३०० व्यक्तींमागे एकास हा जनुकीय दोष असतो. आई किंवा वडील यांपैकी एकात तो असल्यास प्रत्येक अपत्यात, मग ते मुलगा असो वा मुलगी, तो येण्याची शक्यता ५० टक्के असते.

“आमच्याकडे शुद्ध शाकाहार आहे, रात्रिभोजनाचा त्याग आहे, मग चिंता कसली?” असे अनेकांना वाटते. हा आहार हितकारकच आहे. परंतु कोलेस्टेरॉल यकृतातही तयार होते. त्यामुळे केवळ पथ्याने हा दोष भरून निघत नाही. वैद्यकीय सल्ल्याने स्टॅटिनसारखी औषधे वेळीच सुरू केल्यास धोका पुष्कळ कमी होतो.

हृदयाच्या स्नायूंचे विकारही वारशाने येतात. हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेतील डॉ. कुमारसामी थंगराज व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये अशाच एका दोषावर प्रकाश टाकला. एमवायबीपीसी३ या जनुकातील २५ अक्षरे गळालेला हा दोष भारतीय उपखंडातील सुमारे ४ टक्के लोकांत आढळतो. तो असलेला प्रत्येक जण आजारी पडतोच असे नाही. म्हणूनच अहवालाचा अर्थ तज्ज्ञाकडूनच समजून घ्यावा.

कमी वयात हृदयविकार झालेल्या व्यक्तीची तपासणी प्रथम करावी. तिची भावंडे व मुले यांची कोलेस्टेरॉल तपासणी गावातील प्रयोगशाळेतही होते. रुग्णात जनुकीय दोष निश्चित झाला, तर आप्तांमध्ये नेमका तोच शोधता येतो. ज्याच्यात तो नसेल, त्याची त्यापुरती काळजी मिटते.

सोयरीक जुळणार नाही, या धास्तीने काही घरांत असे अहवाल कपाटात राहतात. त्यांची जाहीर वाच्यता करण्याचे कारण नाही. पण सख्ख्या भावंडांपासून आणि सासरी गेलेल्या लेकीपासून ते लपवणे म्हणजे त्यांच्या उपचाराची वेळ हिरावून घेणे होय.